एमजी टीडीचा रेशो, टायर आणि आमचे घाट

खारेपाटण ते झाराप हायवे चौपदरी काँक्रीटचा झाला आणि माझ्या एमजी टीडीची, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची, अडचण पहिल्यांदा नीट समोर आली. दुपदरी रस्ता होता तेव्हा ही गाडी कुणाच्या वाटेत येत नव्हती. वळणं, गावं, समोरून येणारी एसटी, मध्येच गुरं. साठच्या वर सलग कुणालाच जाता येत नसे, आणि पन्नास-साठला टीडीसारखी सुखाची गाडी नाही. आता मागून ट्रेलर ऐंशीने येतो. त्याच्यापुढे साठने रेंगाळणं धोक्याचं, आणि ऐंशी धरायची तर इंजिन असं ओरडतं की थोड्या वेळाने आपलाच पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो.

गाडी काकांची. मुंबईहून ती रत्नागिरीच्या घरी आली तेव्हा इंजिन नुकतंच बांधलेलं होतं, त्यामुळे दोष इंजिनाचा नाही हे माहीत होतं. दोष म्हणायचा तर गिअरिंगचा, आणि तोही दोष नव्हे. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात टीडी बनली. इंजिन १२५० सीसीचं, ५२०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ५४ हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीत गाडी चपळ वाटावी म्हणून तिला डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, ५.१२५ चा रेशो दिला (गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टचे तेवढे फेरे, तेव्हा चाकाचा एक): पिनियन या छोट्या गिअरला ८ दात, क्राऊन या मोठ्याला ४१. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने; इंजिन आणखी सावकाश फिरवणारा ओव्हरड्राइव्ह नाही. इंग्लंडच्या अरुंद, वळणदार रस्त्यांना ते चोख बसलं.

मूळच्या ५.५०-१५ (साडेपाच इंच रुंद, १५ इंची रिमच्या) टायरवर टॉपमध्ये दर १००० आरपीएमला गाडी ताशी २३ किलोमीटरच्या किंचित वर जाते. म्हणजे ऐंशीला सुमारे ३४५० आरपीएम आणि शंभरला ४३००. आजच्या छोट्या गाडीच्या इंजिनाला ३४५० म्हणजे काहीच नाही. पण टीडीच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका वेळची धाव, ९०. लांब स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला पिस्टनची धाव जास्त. ४३०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटरच्या जवळ पोचतो. त्या पिढीतले इंजिनिअर सलग चालवण्यासाठी मिनिटाला २५०० फूट, म्हणजे सेकंदाला १२.७ मीटर, ही हद्द धरत. थोडक्यात, टीडी शंभरने पळते, पण कुडाळपर्यंत शंभरने पळवायची ती गाडी नव्हे. मला शंभर नकोच होते. ऐंशी हवे होते, पण असे की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता यावं आणि इंजिनाची काळजी वाटू नये.

सगळ्यात स्वस्त सल्ला मिळाला तो उंच टायरचा. ॲम्बेसेडरचा ५.९०-१५ टायरही पंधरा इंचीच, टीडीच्या रिमवर चढतो, आणि जुन्या गाड्यांच्या लोकांनी तो वर्षानुवर्षं वापरलाही आहे. हिशेब केला तर परिघात फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. ऐंशीला ३४५० चे ३३६५ होणार. एवढ्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड पणाला लावायची? गिअरिंग सुधारण्यासाठी टायर निवडायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. रस्त्याला लागून असलेली गाडीची एकच वस्तू म्हणजे टायर, आणि कोकणात वर्षातले चार महिने तो रस्ता ओला असतो. टायर पावसासाठी निवडायचा, रेशो घाटासाठी. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की दोन्ही बिघडतात, असं माझं आजही ठाम मत आहे.

दुसरा पर्याय पाच गिअरच्या बॉक्सचा. परदेशातले टीडीवाले फोर्डचा टाइप ९ बॉक्स बसवतात. त्याचा पाचवा गिअर ०.८२ चा, म्हणजे मूळ डिफरन्शियल ठेवूनही टॉपचा एकूण रेशो ४.२० होतो, आणि चढाला खालचे गिअर छोटेच, म्हणजे जास्त जोराचे, राहतात. तांत्रिक बाजूने घाटासाठी याच्याइतकं चांगलं उत्तर नाही, हे मान्यच करायला हवं. पण टीडीचा आखूड गिअर लिव्हर, त्याचा मनगटातल्या मनगटात होणारा खटका, हीच निम्मी गाडी आहे. तो बॉक्स काढून कोपऱ्यात ठेवायला माझं मन घेईना. खर्चही फार. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाडी म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली, अशी व्याख्या आहे. गाडी जितकी मूळ तितकी बरी, हा माझा कल त्यामुळे आणखी पक्का झाला. क्राऊन-पिनियनची जोडी हाउसिंगच्या आत दडलेली असते आणि पुन्हा जुनी बसवता येते.

मग कुठली जोडी? एमजीच्याच घराण्यात चार रेशो समोर होते. टीडीनंतर आलेल्या टीएफचा ४.८७५, मॅग्नेट झेडबीचा ४.५५, एमजीएचा ४.३ आणि एमजीबीचा ३.९०९. टीएफच्या जोडीने पाचच टक्के फरक पडतो, तेवढ्यासाठी डिफरन्शियल उघडण्यात अर्थ नाही. ३.९०९ ने ऐंशीला इंजिन २६३० वर येतं. वाचायला फार छान. पण हा आकडा सपाटीचा, आणि कोकणातून कुठेही बाहेर पडायचं तर सह्याद्री चढावा लागतो. आम्ही कोल्हापूरला जातो ते पाली, साखरपा करून आंबा घाटाने. घाटात तिसऱ्या गिअरला (१.३८५) चाळीसचा वेग धरला तर मूळ रेशोवर इंजिन २४०० च्या आसपास असतं. एमजीएच्या जोडीवर ते २००० ला येतं, एमजीबीच्या जोडीवर १८२० ला. या इंजिनाचा जोर सुमारे २६०० ला सगळ्यात जास्त. १८२० ला ते नुसतं गुरगुरतं, ओढत नाही, आणि पंखा इंजिनावरच फिरत असल्यामुळे मे महिन्याच्या दुपारी रेडिएटरलाही वारा कमी. म्हणून ४.३. पिनियनला १० दात, क्राऊनला ४३. ऐंशीला इंजिन २८९० वर, शंभरला ३६१५ वर.

जोडी मागवण्याआधी गाडीत खरोखर मूळचा रेशो आहे का, हे पाहणं गरजेचं. सत्तर वर्षांत कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. यासाठी डिफरन्शियल उघडावं लागत नाही. मागचं एक चाक जमिनीवर ठेवलं, दुसरं जॅकवर उचललं, प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याच्या) फ्लँजवर आणि उचललेल्या चाकावर खडूने खूण केली, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ते चाक सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. एक चाक थांबलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट पाच फेरे आणि वर अष्टमांश फिरला. ५.१२५ पक्का.

नवी जोडी इंग्लंडहून आली. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो, कारण ते दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. पेटी उघडल्यावर आधी तो नंबर बघायचा. वेगवेगळ्या जोड्यांतले दोन नग कितीही नवे असले तरी निरुपयोगी.

एमजीएची जोडी टीडीच्या केजवर, म्हणजे क्राऊन ज्याला बोल्टने जोडतात त्या भागावर, सरळ बसत नाही. क्राऊन पिनियनच्या दिशेने सरकावा म्हणून त्याच्यामागे एक स्पेसर रिंग लागते, आणि रिंगेच्या जाडीएवढे लांब बोल्ट. रिंग कोल्हापुरात, उद्यमनगरात करून घेतली. फाउंड्री आणि मशिनशॉपचं गाव आहे ते. तिथल्या कारागिराने रिंगेचा नमुना हातात घेऊन आधी बोल्टची भोकं मोजली आणि मगच तोंड उघडलं. ‘‘साहेब, रिंग टर्न करून देणं काही अवघड नाही. पण दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत. टर्निंगवर सोडली तर क्राऊन डुलणार. ग्राइंड करून देतो.’’ ग्राइंड केलेली रिंग काचेच्या तुकड्यावर ठेवून त्याने फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) चारी बाजूंनी लावून दाखवला. सगळ्यात पातळ पात कुठेच आत जाईना.

बसवण्याचं काम रत्नागिरीच्या आमच्या अण्णांनी केलं. मिस्त्री जुने, ॲम्बेसेडर आणि फियाट यांच्यावर हात बसलेला. या कामात सगळा खेळ पिनियन किती आत बसतो आणि क्राऊनशी किती प्ले, म्हणजे मोकळीक, राहतो याचा असतो. दोन्ही शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकून जुळवायचं. डायल गेज क्राऊनच्या दातावर टेकवून पिनियन घट्ट धरायचा आणि क्राऊन मागेपुढे हलवायचा. काटा ०.१५ मिलिमीटरच्या आसपास हलला पाहिजे. चार ठिकाणी मोजायचं, कारण एका ठिकाणी बरोबर आणि समोरच्या बाजूला घट्ट असं झालं तर क्राऊन डुलतोय. आमचा डुलत नव्हता. ग्राइंडिंगचे पैसे वसूल झाले.

मग निळा लावला. क्राऊनच्या पाच-सहा दातांवर मार्किंग ब्लूचा पातळ हात, पिनियन फिरवायचा, क्राऊनला कापडाने थोडा दाब द्यायचा, आणि दातावर उमटलेला ठसा बघायचा. पहिल्या वेळी ठसा दाताच्या माथ्याला चिकटून होता. अण्णांनी टॉर्च जवळ नेली, म्हणाले, ‘‘भाऊ, पिनियन बाहेर आहे. अजून आत जायला पाहिजे.’’ सगळं खोललं, पिनियनमागे जाड शिम टाकली, पुन्हा बांधलं, पुन्हा प्ले मोजला, कारण पिनियन हलला की प्लेही बदलतो. ठसा उतरला, पण आता दाताच्या मुळाकडे जरा जास्त. पुन्हा खोललं. शेवटी ठसा दाताच्या मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला, लांबट गोल असा उमटला, तेव्हा अण्णांनी हात पुसले. या कामाला घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे डिफरन्शियल देऊ नये. घाईचं काम पहिल्याच फेरीत रडायला लागतं. अण्णांची खूण साधी आहे: गाडी खेचताना रडली तर पिनियनची जागा एका बाजूला चुकली, पाय सोडल्यावर रडली तर दुसऱ्या बाजूला. आमची दोन्हीकडे गप्प राहिली.

तेल डिफरन्शियलच्या तिरक्या (हायपॉइड) दातांना चालणारं ईपी ९० नंबरचं. काहीशे किलोमीटरनंतर ते काढून नवीन घातलं. पहिल्या तेलात चांदीसारखी बारीक चकाकी होती, कीस नव्हता.

टायरचा विचार मी वेगळा, सावकाश केला. गाडीवर होते ते ५.५०-१५ चे नायलॉन टायर, म्हणजे आडव्यातिडव्या थरांचे. टीडी बनली तेव्हा तेच मूळ. मिशेलिनचा रेडियल, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत सरळ थरांचा टायर, १९४९ मध्ये बाजारात आला होता, पण एमजीने टीडीची चाकं नायलॉनच्या जातीच्याच टायरसाठी बांधली. या टायरची एक मजा आहे. घाटातल्या वळणावर गाडी हळूहळू बाहेर सरकते, सरकते आहे हे स्टिअरिंगमधून खूप आधी कळतं. पण हायवेवर हाच टायर रस्त्याच्या मागे लागतो. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला लांब सांधा लागला किंवा जुन्या डांबरावर ट्रकने पाडलेला चर लागला की गाडी त्याच्या बाजूला ओढ घेते. पाऊस आणि बाजूला ट्रेलर, अशा वेळी ही ओढ मला नको होती.

म्हणून १६५ आर १५ चे (१६५ मिलिमीटर रुंद, १५ इंची रिमचे) रेडियल घेतले. टीडीच्या अरुंद रिमवर १६५ हीच मर्यादा. त्याहून रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण रिमवर कडेने आवळला जातो आणि मधोमध फुगतो. शिवाय पाण्यावर अरुंद टायरच बरा, तो पाणी कापतो. बाजूवर ८६ एच लिहिलेलं होतं: एका टायरला ५३० किलोपर्यंत भार आणि ताशी २१० पर्यंत वेग. नऊशे किलोच्या आसपासच्या टीडीला दोन्ही भरपूर. १५५ आर १५ स्वस्त मिळत होते, पण त्यांचा घेर सुमारे तीन टक्के कमी, म्हणजे डिफरन्शियलने वाचवलेले आरपीएम टायरने परत मागून घेतले असते.

घेराबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कागदावर १६५ आर १५ चा व्यास जुन्या ५.५०-१५ पेक्षा लहान दिसतो, त्यामुळे रेडियलने गाडी खालच्या गिअरिंगची होते असा समज आहे. मी अंगणातल्या सिमेंटवर मोजलं. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण, गाडीत माणूस बसवलेला, हवा नेहमीची, आणि चाकाचा एक फेरा होईपर्यंत गाडी ढकलायची. जुना टायर १.९८ मीटर चालला, नवा १.९७. रेडियलच्या आतला पोलादी पट्टा वजनाखालीही घेर सोडत नाही, नायलॉन टायर दबतो आणि त्याचा फेरा आखूड होतो. चाकाला व्यास नव्हे, फेरा कळतो. तो मोजावा.

रिम सोडवल्या तेव्हा आतून गंज निघाला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे बाहेरून कितीही रंगवा, टायरच्या आत लोखंड सोलत असतं, आणि ट्यूबवाल्या चाकात तो सुटलेला पापुद्रा ट्यूबला भोक पाडतो. चारही रिम आणि स्टेपनी सँडब्लास्ट करून, तडे तपासून, आतून-बाहेरून रंगवल्या. या रिमना आजच्यासारखा टायरची कड अडवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे ट्यूब हवीच, आणि रेडियलला रेडियलचीच. स्टेपनीही रेडियलच ठेवली. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही मिसळ जीवघेणी आहे: पुढचं चाक धरतं, मागचं सुटतं, आणि गाडी गर्रकन फिरते. दोनच नवे घ्यायची वेळ कुणावर आली तर ते मागे लावावेत, पण खरं म्हणजे पाचही एकदम बदलावेत.

हवेकडे मी फार लक्ष देतो. पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो याचं एक ढोबळ सूत्र नासाने विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून निघालं. त्यात हवेचा दाब जितका जास्त, तितका तरंगण्याचा वेग वर जातो. त्या सूत्राने १८ पीएसआयला हा वेग ताशी ७० च्या आसपास येतो आणि २६ ला ८५ च्या. मोटारीच्या नक्षीदार टायरला आकडे तंतोतंत लागू नसतील, पण दिशा स्पष्ट आहे. टीडीच्या जुन्या पुस्तकातल्या कमी दाबाचा काळ नायलॉन टायरबरोबर संपला. मी २४ पुढे आणि २६ मागे ठेवतो, सकाळी टायर थंड असताना भरतो.

आता गाडी कशी चालते? खारेपाटणच्या पुढे फोनच्या जीपीएसवर ऐंशी धरून आरपीएमचा काटा पाहिला, तो २९०० च्या खाली थांबला. हिशेबातला आकडा काट्यावर बघून फार आनंद झाला. एक्झॉस्टचा सूर खाली आला, आणि शेजारी बसलेला आतेभाऊ कणकवलीपर्यंत न ओरडता बोलत होता. गाडी सांध्यांवरून सरळ जाते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जरा जड झालं, पण टीडीचं रॅक अँड पिनियन मुळातच हलकं, त्यामुळे ते जाणवण्यापुरतंच.

घाटात मात्र किंमत द्यावी लागते. आंबा चढताना जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो. दुसऱ्यात तीसला इंजिन २२५० ला असतं, ते झकास ओढतं. दोघं आणि सामान घेऊन चढावर गाडी उभी राहिली तर उठताना क्लच थोडा जास्त लागतो, कारण पहिल्या गिअरचा जोर सोळा टक्क्यांनी कमी झाला. याहून महत्त्वाचं उतरताना. इंजिनाचा रोधही तितकाच कमी होतो, आणि टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. साखरप्याकडे उतरताना पहिल्या वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकायचा, ब्रेक तापू द्यायचे नाहीत. रेशो बदलणाऱ्याने ही सवय आधी लावून घ्यावी. रेडियलबद्दलही हेच: तो नायलॉनपेक्षा खूप उशिरा सुटतो, पण सुटतो तेव्हा आधी फारसं सांगत नाही. पकड वाढली म्हणून वळणावरचा वेग वाढवायचा नाही.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे तो आता कमी दाखवतो. मैलांच्या काट्यावर ४२ म्हणजे खरे ऐंशी किलोमीटर, आणि ५० म्हणजे शहाण्णव. कॅमेऱ्याखालून जाताना हे लक्षात नसेल तर चलन घरी येतं. आरपीएम मीटर डायनॅमोवरून फिरतो, त्याला डिफरन्शियलशी देणंघेणं नाही, म्हणून मी तोच बघून चालवतो. स्पीडोमीटर नव्या रेशोप्रमाणे जुळवायला द्यायचा आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, वहीत लिहून ठेवलेत. वर्षात थोडीच चालणारी ही गाडी, नक्षी झिजण्याआधी रबर कडक होईल, आणि कडक रबर ओल्या काँक्रीटवर धरत नाही. त्यामुळे टायर बदलायचे ते नक्षी बघून नव्हे, त्या तारखेवरून.